सरहद्दीवर नेऊन सोडलेल्या बायका

रशिया-जपान युद्धाबद्दल शाळेत आपल्याला एकच वाक्य शिकवले गेले. १९०५ साली आशियातल्या एका लहानशा देशाने युरोपातल्या बलाढ्य साम्राज्याला हरवले आणि गुलाम देशांत आत्मविश्वास जागा झाला. वाक्य खोटे नाही. जपानच्या विजयाच्या बातम्यांनी आपण लहानपणी किती हरखून जात होतो, हे जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात सांगितले आहे. परकीय सत्तेखाली दबलेल्या माणसांना तसे वाटणे साहजिकच होते. पण दोघे ज्या जमिनीसाठी भांडत होते ती दोघांचीही नव्हती, एवढे मात्र त्या वाक्यातून गळते. मांचुरिया चिनी शेतकऱ्यांचा, कोरिया कोरियनांचा आणि सखालीन बेट ऐनू, निव्ख, उइल्टा या तिथल्या मूळ रहिवाशांचे.

आमच्या गटात सध्या युद्ध आणि स्त्रिया या विषयावर वाचन चालू आहे. त्या निमित्ताने मी या सरहद्दीचा इतिहास धुंडाळते आहे. युद्धाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा शत्रूच्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. ते अत्याचार खरेच आहेत, त्यांबद्दल बोललेच पाहिजे. पण ती बाई मुळात त्या सरहद्दीवर आली कशी? तिला तिथे कुणी नेले, कशासाठी नेले? आणि सरहद्द सरकल्यावर ती कोणत्या देशाची हे कुणाच्या नावावरून ठरले? माझे म्हणणे असे, की हे प्रश्न आपण आधी विचारले पाहिजेत, कारण त्यांची उत्तरे शत्रूच्या छावणीत मिळत नाहीत. ती आपल्याच सरकारी कचेरीत आणि आपल्याच गावच्या पंचांपाशी मिळतात.

सखालीन हे रशियाच्या पूर्व किनाऱ्यालगत दक्षिणोत्तर पसरलेले, साडेनऊशे किलोमीटर लांबीचे बेट. त्याच्या दक्षिण टोकापासून जपानचे होक्काइदो बेट जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. १८५५ च्या करारात रशिया-जपानला ते वाटून घेता आले नाही, म्हणून सामाईक ठेवले. १८७५ मध्ये रशियाने अख्खे सखालीन घेतले आणि बदल्यात जपानला कुरील बेटांची रांग दिली. वाटणीला बसलेले भाऊ बहिणीला विचारत नाहीत, तसे ऐनूंना कुणी विचारले नाही. आठशेहून अधिक ऐनूंना जपानने होक्काइदोत नेऊन वसवले. दहा-बारा वर्षांत पटकी आणि देवीच्या साथींत त्यांतले तीनशेहून अधिक दगावले. सखालीनची ऐनू बोली जिची मातृभाषा होती अशी शेवटची व्यक्ती म्हणजे असाई ताके ही वृद्धा. ती १९९४ साली वारली. तिने सांगितलेल्या कथा मुरासाकी क्योको या भाषाभ्यासक बाईंनी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, म्हणून त्या आज ऐकायला तरी मिळतात.

बेट कागदावर मिळाले तरी तिथे आपली माणसे नसतील तर हक्क टिकत नाही. तिथे राहायला जाणार कोण? रशियाने उपाय काढला काळ्या पाण्याचा. जन्मठेपेचे आणि सक्तमजुरीचे कैदी तिथे धाडायचे, शिक्षा संपली की त्यांनाच जमीन देऊन शेतकरी बनवायचे. पण एकटा पुरुष शेतकरी होत नाही, संधी मिळताच पळ काढतो. त्याला बांधून ठेवायला बाई हवी. म्हणून ओडेसाहून जहाजे भरून स्त्री-कैदीही आल्या.

१८९० साली लेखक चेकॉव्ह सखालीनवर तीन महिने राहिला. तो पेशाने डॉक्टर. घरोघर फिरून त्याने हजारो माणसांची खानेसुमारी केली आणि पुढे त्यावर पुस्तक लिहिले. त्यातला बायकांवरचा भाग आपल्यापैकी प्रत्येकीने वाचावा असा आहे. स्त्री-कैद्यांना सक्तमजुरीची शिक्षा झालेली, पण मजुरी म्हणून त्यांना कामावर धाडत नसत. एकेका पुरुषाच्या घरात धाडत. जहाज आले की आधी अधिकारी आणि कारकून आपापल्या सोयीने तरुण मुली निवडून घेत. उरलेल्या बायका बराकीत बसवत. मग ज्यांची वागणूक बरी असे वसाहतवाले चांगले कपडे घालून येत, त्यांना न्याहाळत आणि घेऊन जात. आपल्याकडचा 'बघण्याचा कार्यक्रम' आठवला ना? एका गावच्या अर्जात दुभती जनावरे आणि घर सांभाळायला बायका अशी दोन्हींची मागणी एकाच वाक्यात केल्याचे चेकॉव्ह नोंदवतो. या बायकांचे गुन्हे काय होते? बहुतेक नवऱ्याचा किंवा घरातल्या कुणाचा खून. प्रेमाच्या आणि घरच्या जुलमाच्या या बळी आहेत, असे त्याचे मत. म्हणजे एका नवऱ्याच्या मारहाणीतून सुटण्यासाठी हात उचलला आणि शिक्षा म्हणून सरकारने दुसरा नवरा दिला.

याहून वाईट दशा होती स्वतःच्या इच्छेने आलेल्यांची. शिक्षा झालेल्या नवऱ्यामागे मुलेबाळे घेऊन हजारो मैल आलेल्या पतिव्रता म्हणा हव्या तर. त्यांना ना काम, ना शिधा. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांच्यातल्या किती जणींना शरीर विकावे लागले, हेही त्या पुस्तकात आहे. त्याच वेळी दक्षिणेला कोर्साकोव्ह बंदरात जपानचा वकील ठाण मांडून बसला होता आणि रशियन अधिकारी त्याला मेजवान्या देत होते. दोन साम्राज्यांचे संबंध अजून गोडीचे होते.

जपानी बायकाही या किनाऱ्यावर होत्याच, त्यांच्या सैन्याच्या कितीतरी आधी. क्यूशूच्या अमाकुसा, शिमाबारा अशा दरिद्री भागांतल्या मुली दलाल फसवून किंवा घरच्यांना उचल देऊन बाहेर नेत. व्लादिवोस्तोकपासून सिंगापूरपर्यंतच्या वेश्यावस्त्यांत त्या होत्या. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची घरे होती. त्यांना 'कारायुकी-सान' म्हणत, परदेशी गेलेली बाई. त्यांनी गावी पाठवलेला पैसा जपानला चालत होता. देश बलाढ्य झाल्यावर मात्र त्यांची लाज वाटू लागली. त्यांचा इतिहास लिहिला गेला तो १९७० नंतर, मोरिसाकी काझुए आणि यामाझाकी तोमोको या बायकांनी.

१९०५ च्या पोर्ट्समथ तहाने सखालीनचे पन्नासाव्या अक्षांशावर दोन तुकडे झाले. सरहद्दीवर दगड रोवले, एका बाजूला रशियाचा दुतोंडी गरुड आणि दुसऱ्या बाजूला जपानचे शेवंतीचे फूल. दक्षिणेच्या भागाला जपानने काराफुतो नाव दिले आणि तिथे कोळसा, लाकूड, कागद यांचे उद्योग उभारले.

बाई नेऊन जमीन धरण्याची युक्ती जपानने अधिक पद्धतशीरपणे वापरली ती मांचुरियात. १९३२ साली तिथे बाहुले सरकार बसवल्यावर वीस वर्षांत दहा लाख शेतकरी कुटुंबे वसवण्याची योजना आखली गेली. त्यांतली कितीतरी गावे मुद्दाम सोव्हिएत सरहद्दीकडे वसवली, म्हणजे हल्ला झालाच तर आधी नांगरवाले आडवे येतील. जमिनी चिनी शेतकऱ्यांकडून कवडीमोलाने बळकावलेल्या. एकट्या तरुणांना तिथे करमेना, तेव्हा 'खंडभूमीच्या नववधू' पाठवण्याची मोहीम निघाली. मुलींसाठी प्रशिक्षणाच्या शाळा, मासिकांत गोड गोष्टी, फोटोवरून ठरलेली लग्ने. झारच्या काळी जहाजातून कैदी बाई आली होती, आता देशभक्त बाई आली. घरकाम, शेतकाम आणि वंशवृद्धी हे काम तेच.

ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा मांचुरियात आणि सखालीनमध्ये उतरल्या. मांचुरियातले जपानी सैन्य आधीच मागे सरकले होते, वसाहतींतले धडधाकट पुरुष लष्करात ओढले गेले होते. उरल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. जवळपास ऐंशी हजार वसाहतवाले मेले. काही भुकेने, काही थंडीने, काही हल्ल्यांत, काही सामुदायिक आत्महत्यांत.

गिफू प्रांतातून आलेल्या कुरोकावा वसाहतीची हकीकत इथे सांगायलाच हवी. शेजारच्या वसाहतीने सामुदायिक आत्महत्या केली होती. जमिनी गमावलेले आसपासचे लोक चाल करून येत होते. वसाहतीच्या पुढाऱ्यांनी सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागितले, आणि मोबदल्यात अविवाहित मुली दिल्या. पंधराएक जणी. विवाहितांना वगळले, कारण त्यांचे नवरे लढाईवर होते; दुसऱ्याची अमानत कशी देणार? या मुलींतल्या काही तिथेच आजाराने मेल्या. बाकीच्या शेकडो माणसांबरोबर जिवंत मायदेशी पोचल्या. ज्यांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले त्यांनीच त्यांना नावे ठेवली. 'नासलेल्या' मुलींशी लग्न कोण करणार, असे गावात बोलले गेले. १९८२ साली गावाने त्यांच्यासाठी एक स्मारक उभारले, 'कुमारिकांचे स्मारक'. त्यावर काय घडले याचा एक शब्द नव्हता. पुढे वाचलेल्यांपैकी काही जणी म्हातारपणी जाहीरपणे बोलल्या, आणि २०१८ साली त्या दगडाशेजारी सगळी हकीकत लिहिलेला फलक लागला. तब्बल त्र्याहत्तर वर्षांनी.

'कुमारिका' हाच शब्द दुसऱ्याही एका स्मारकावर आहे. सखालीनच्या माओका बंदरात २० ऑगस्ट १९४५ ला सोव्हिएत फौज उतरली तेव्हा टपाल कचेरीत टेलिफोनच्या कामावर असलेल्या नऊ मुलींनी विष घेतले. होक्काइदोच्या उत्तर टोकाला, वाक्कानाईमध्ये, १९६३ पासून त्यांचे स्मारक आहे. तिथे लोक येतात, डोळे पुसतात, त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्या मुलींबद्दल माझ्या मनात दुःखच आहे. पण दोन दगड शेजारी ठेवून पाहा. मेलेल्यांच्या दगडावर त्यांची गोष्ट लगेच कोरली जाते. जिवंत राहिलेल्यांच्या दगडावर काही कोरायला समाजाची जीभ पाऊणशे वर्षे उचलत नाही. आपल्याकडच्या जोहाराच्या कथांबद्दल आपण हेच म्हणत आलो आहोत. त्याच ऑगस्टमध्ये सखालीनच्या मिझुहो गावी जपानी गावकऱ्यांनी आपल्याच शेजारच्या सत्तावीस कोरियनांना, बायकामुलांसकट, शत्रूचे हेर ठरवून मारले. त्या बायकांच्या नावाने कुणी डोळे पुसायला जात नाही.

आता कागदांबद्दल. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो नेमका कंटाळवाणा म्हणून सोडून दिला जातो.

जपानमध्ये प्रत्येकाची नोंद घराण्याच्या वहीत असते. तिला 'कोसेकी' म्हणतात. कोरिया जपानच्या ताब्यात असताना कोरियन माणूस साम्राज्याचा प्रजाजन होता, पण त्याची वही वेगळी, कोरियातली. जपानी बाईने कोरियन पुरुषाशी लग्न केले की तिचे नाव जपानी वहीतून कमी होऊन नवऱ्याच्या वहीत जाई. तोवर याने फारसे बिघडत नव्हते. कोळशाच्या खाणींसाठी हजारो कोरियन पुरुष सखालीनवर आणले गेले, काही फसवून, काही जबरीने. काहींच्या बायका मागून आल्या. १९४४ च्या ऑगस्टमध्ये सरकारने यांतल्या सुमारे तीन हजार खाणकामगारांना क्यूशूकडे आणि जपानच्या इतर खाणींत हलवले. कुटुंबे मागाहून आणू, असे सांगितले. वर्षभरात सखालीन सोव्हिएत झाले. नवरा जपानमध्ये, बायको-मुले बेटावर आणि मध्ये सरहद्द.

१९४६ च्या डिसेंबरात अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्यात जपान्यांना परत नेण्याचा करार झाला. १९४९ पर्यंत बहुतेक जपानी बोटींतून गेले. कोरियनांना त्यात जागा नव्हती. सक्तीने आणताना ते जपानचे प्रजाजन होते, परत नेताना परके झाले. कोरियन नवऱ्यांच्या जपानी बायकांनी काय करायचे? नवरा आणि मुले टाकून बोटीत चढायचे, की माहेर कायमचे सोडायचे? बहुतेक जणी राहिल्या. १९५२ साली कोरियनांचे जपानी नागरिकत्व गेले तेव्हा नवऱ्याच्या वहीत नाव असलेल्या जपानी बायकांचेही गेले.

१९५७ ते १९५९ या काळात सातशेहून अधिक जपानी बायकांना परतायची परवानगी मिळाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कोरियन नवऱ्यांना व मुलांनाही. हा एकच दरवाजा उघडला, आणि तो बायकांच्या जपानीपणामुळे उघडला. यातूनच आलेल्या पाक नो-हाक आणि त्याची बायको होरिए काझुको या जोडप्याने तोक्योच्या घरातून पुढे अनेक वर्षे सखालीन आणि दक्षिण कोरिया यांच्यामधली पत्रे पोचवली. दोन्ही देशांत टपाल चालत नव्हते, म्हणून पत्र आधी यांच्याकडे यायचे. परत जाऊ इच्छिणाऱ्या सुमारे सात हजार माणसांची यादी त्यांनी तयार केली. चळवळीच्या इतिहासात पाकचे नाव येते. होरिए काझुकोचे बहुधा 'पत्नीच्या साथीने' एवढ्यातच आटोपते. आणि जिचा नवरा कोरियन आणि तीही कोरियन, तिला कोणताच दरवाजा नव्हता. दक्षिण कोरियाच्या खेड्यांत नवऱ्यांची वाट पाहत म्हाताऱ्या झालेल्या बायका वेगळ्याच.

मांचुरियात मागे राहिलेल्या जपानी बायकांना तर सरकारने सरळ सांगितले की तुम्ही स्वखुशीने राहिलात. १९४५ साली ज्यांचे वय तेराच्या आत होते ती 'अनाथ मुले', त्यांना मदत. तेरा आणि त्यापुढच्या मुलींनी म्हणे विचारपूर्वक चिनी माणसांशी लग्न केले. उपाशी, आईबाप मेलेली, कडाक्याच्या थंडीत कुणाच्या तरी दारात उभी असलेली चौदा वर्षांची पोर, आणि तिची संमती! बलात्काराच्या खटल्यांत 'संमती' हा शब्द कसा वापरला जातो हे ज्यांनी न्यायालयात बसून ऐकले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. परतायचे तर जपानमधल्या नातेवाइकाने हमी द्यायला हवी, आणि नातेवाईक सहसा देत नसत. १९९३ च्या सप्टेंबरात अशा बारा वृद्धा कुणाच्याही हमीशिवाय नारिता विमानतळावर येऊन थडकल्या. घ्यायला कुणी आले नाही, रात्र विमानतळावरच काढली. वर्तमानपत्रांत आरडाओरडा झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या परतीला मदत करणारा कायदा आला. धरणे धरण्याची ताकद किती असते यावर आपल्यात अधूनमधून वाद होतात, त्यात ही नोंद असू द्यावी.

मैत्रिणी विचारतात, इतक्या दूरच्या गोष्टीत आपण का शिरायचे? जपानमध्ये आईकडून मुलाला नागरिकत्व मिळू लागले ते १९८५ पासून. भारतीय बाईला परदेशात मूल झाले तर तिच्याकडून त्याला भारतीयत्व मिळू लागले ते १९९२ पासून. तोवर बापच चालत होता. फाळणीनंतर पळवलेल्या स्त्रियांना 'परत मिळवण्यासाठी' १९४९ साली कायदा केला तेव्हा त्यांना कुठे राहायचे आहे हे विचारायची सोय त्यात ठेवली नव्हती. बायकांच्या मोर्च्यात वेतनाबद्दल, हुंड्याबद्दल, मारहाणीबद्दल घोषणा असतात. तिच्या नावाच्या, नवऱ्यावर अवलंबून नसलेल्या कागदांबद्दल घोषणा मी क्वचित ऐकली. युद्धविरोधी निवेदन लिहायला बसतो तेव्हा बेट कुणाचे, गाव कुणाचे यावर तासभर वाद होतो. माझी सूचना आहे की निवेदनाचे पहिले कलम त्या बेटावरच्या बाईच्या नोंदीबद्दल असावे, आणि ते आपल्या बाजूच्या सरकारला उद्देशून असावे.

सखालीनच्या कोरियनांसाठी २००० साली दक्षिण कोरियातल्या आन्सान शहरात घरे बांधली गेली. १५ ऑगस्ट १९४५ च्या आधी जन्मलेल्यांनाच तिथे प्रवेश होता, आणि एका घरात दोघे. मुले, नातवंडे सखालीनवरच राहिली. ज्या बायकांनी आईबापांपासून तुटण्यात तारुण्य घालवले त्या आता मुलांपासून तुटून मायदेशी आल्या. २०२१ साली लागू झालेल्या कायद्याने मुलांनाही येण्याची मुभा दिली, पण सुरुवातीला प्रत्येक घरातल्या एकाच अपत्याला. ही अट नंतर सैल झाली. मधल्या काळात ज्या म्हाताऱ्यांना चार मुलांतले एक निवडून अर्जावर नाव लिहावे लागले, त्यांनी कोणते लिहिले असेल?